चेंडूची नोंद उपलब्ध नाही

विमा कंपनीच्या दावे विभागाच्या प्रमुखांचा चेंडू उजवीकडे जात असे. गोल्फ क्लबात हे सर्वांना ठाऊक होतं आणि त्याला कोणाची हरकत नव्हती. पाय नीट रोवून, श्वास आवरून ते फटका मारत. चेंडू थोडा वेळ शहाण्यासारखा सरळ जाई आणि मग घरी काहीतरी विसरल्यासारखा उजवीकडे वळून झाडीत शिरे. झाडीमागे ज्यांची घरं होती त्यांनी खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या होत्या. कचेरीत आलेला दावा फेटाळण्यात दावेसाहेबांचा हात धरणारा कोणी नव्हता. आपल्याच हातून सुटलेल्या चेंडूवर मात्र त्यांचा कसलाही दावा चालत नसे.

त्यांचा जुना मित्र एका छापखान्याचा मालक होता. त्याचा चेंडू डावीकडे जाई. त्या बाजूला तळं होतं. त्यामुळे रविवारी सकाळी दोघे बरोबर निघत, पहिला फटका मारत आणि एक झाडीकडे, दुसरा तळ्याकडे अशी फारकत होऊन थेट झेंड्यापाशी पुन्हा भेटत. मधल्या काळात किती फटके लागले हे ज्याचं त्याने सांगायचं आणि दुसऱ्याने मान डोलवायची, असा त्यांचा अलिखित करार होता. गोल्फमध्ये फटके जितके कमी तितका खेळाडू मोठा, म्हणून दोघेही आपापल्या फटक्यांबाबत फार काटकसरीने बोलत. खेळ संपल्यावर क्लबाच्या व्हरांड्यात चहा पीत ते एकमेकांच्या थापा इतक्या मन लावून ऐकत, की लग्नानंतर आपलं इतकं कोणी ऐकून घेतलं नाही, असं दोघांनाही वाटे. क्लबाच्या दप्तरी दोघांचा दर्जा ‘सर्वसाधारण’ असा होता. त्यात त्यांचं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते क्लबाच्या दुकानात नवा विक्रेता आला तेव्हा. त्याने दावेसाहेबांना एका जाळीसमोर उभं करून फटके मारायला लावले. पडद्यावर उमटलेल्या रंगीत रेघांकडे त्याने डॉक्टर रक्ताच्या अहवालाकडे बघतो तसं बघितलं.

“गंभीर आहे का?” दावेसाहेबांनी विचारलं.

“साहेब, दोष तुमच्यात नाही.”

दावेसाहेब चकित झाले. शाळेत मास्तरांनी, घरी वडिलांनी, कचेरीत वरिष्ठांनी आणि उरलेल्या वेळात बायकोने दोष नेमका कुठे आहे हे त्यांना वेळोवेळी दाखवून दिलं होतं. हे वाक्य ते जन्मात पहिल्यांदा ऐकत होते.

“मग कोणात आहे?”

“काठीत. तुमची काठी कायम तशीच राहते. तुम्ही दर फटक्याला वेगळे. मग दोघांचं जमणार कसं? आता या वयात तुम्हाला काही बदलता येत नाही. म्हणून काठी बदलती हवी.”

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. विक्रेत्याने मखमली खोळीतून एक ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायची काठी, बाहेर काढली. तिचं डोकं एका छोट्या पान्याने सैल करून हवं तसं फिरवता येत होतं. पोटात एक वजन होतं, ते पुढेमागे सरकवता येत होतं. चेंडू उजवीकडे जात असेल तर डावीकडे, खाली जात असेल तर वर, आणि कुठेच जात नसेल तर त्याचीही सोय होती.

“ड्रायव्हर घेतला,” त्यांनी घरी सांगितलं.

“गाडी तर तुम्हीच चालवता,” बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची. “आणि मग तो पिशवीत काय करतोय?”

पुढच्या रविवारी दावेसाहेबांनी पाना फिरवला, फटका मारला आणि चेंडू सरळ गेला. झाडीकडे न बघता, मैदानाच्या मधोमध, एखाद्या निष्ठावंत कारकुनासारखा सरळ गेला. असं त्यांच्या बाबतीत वर्षा-दोन वर्षांतून एकदा जुन्या काठीनेही होत असे. पण तेव्हा त्याला नशीब म्हणत. आता त्याला तंत्रज्ञान म्हणायची सोय झाली होती.

त्या दिवशीचे बाकीचे फटके उजवीकडेच गेले. त्याअर्थी पाना किंचित कमी फिरवला गेला होता. त्यांनी तो आणखी फिरवला. त्यानंतरच्या रविवारी चेंडू डावीकडे वळला आणि तळ्यात पडला. काठावर छापखानेवाला पाण्यात वाकून काहीतरी शोधत होता. इतक्या वर्षांत झेंड्याच्या अलीकडे दोघांची गाठ पहिल्यांदाच पडत होती.

“तू इकडे कसा?” त्याने विचारलं.

“सुधारणा चालू आहे,” दावेसाहेब म्हणाले.

ते छापखानेवाल्याला लागलं. दोघांनी मिळून वाईट खेळायचं ठरलेलं असताना एकाने परस्पर सुधारणा सुरू करावी, ही त्याच्या मते सरळ सरळ दगाबाजी होती. आठवडा उलटायच्या आत तोही दुकानात गेला. त्याने अंतर मोजायची दुर्बीण घेतली. डोळ्याला लावली की झेंडा नेमका किती लांब आहे ते ती सांगायची. पूर्वी त्याचा चेंडू अंदाजाने कमी पडत असे. आता तो अचूक मापाने कमी पडू लागला.

मग दावेसाहेबांनी मनगट वाकलं की शिट्टी वाजवणारा हातमोजा घेतला. छापखानेवाल्याने डोकं उचललं की गुरगुरणारी टोपी घेतली. दावेसाहेबांनी काठ्यांच्या मुठींना सेन्सर लावून घेतले. ते प्रत्येक फटका मोजून फोनला कळवत आणि फोनमधली एक बाई गोड आवाजात म्हणे, “छान. खांदा थोडा उघडा.” दावेसाहेबांशी इतक्या आपुलकीने कोणी बोलत नसल्यामुळे ते खांदा उघडत. चेंडू झाडीत जाई. बाई पुन्हा “छान” म्हणे.

बघता बघता हे लोण सगळ्या क्लबात पसरलं. रविवारी सकाळी मैदानावर शिट्ट्या, गुरगुर आणि गोड आवाज यांचा कालवा होऊ लागला. प्रत्येक जण फटक्याआधी पाना काढून काठी उघडे, वजन सरकवे, दुर्बिणीतून बघे, फोनला विचारे आणि काठी पुन्हा जुळवे. तोवर वारा बदललेला असे, म्हणून पुन्हा उघडे. मागचे लोक ताटकळत. तेही वेळ फुकट जाऊ नये म्हणून आपापल्या काठ्या उघडून ठेवत. दुपारपर्यंत निम्मा क्लब गॅरेजसारखा दिसे.

क्लबाचे चिटणीस वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले होते. निवृत्तीपासून त्यांना मोजायला काही उरलं नव्हतं. ते या परिस्थितीने हरखून गेले आणि त्यांनी ताबडतोब उपकरण समिती नेमली. अध्यक्षपदासाठी नकार देण्याचा प्रदीर्घ अनुभव असलेली व्यक्ती हवी होती. एकच नाव पुढे आलं आणि दावेसाहेबांनी ते नाकारलं नाही.

समितीच्या पहिल्याच बैठकीत क्लबातल्या सर्वांत ज्येष्ठ सभासद, आयुष्यभर डोळ्यांच्या शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरीणबाई, उभ्या राहिल्या.

“मी सरळ विचारते,” त्या म्हणाल्या. “या सगळ्याने कोणाचा खेळ सुधारलाय का?”

हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येऊन गेला होता आणि प्रत्येकाने त्याला सभ्यपणे बाहेरचा रस्ता दाखवला होता. विषय चौकशीला घेण्यात आला. समितीने उपकरणांच्या आधीचे आणि नंतरचे फटके ताडून पाहिले. दोन्ही सारखेच होते. क्वचित नंतरचे थोडे जास्त होते, पण ते उपकरणांमुळे मोजणी प्रामाणिक झाल्याने असावेत. दुसरीकडे, आपला खेळ सुधारला आहे असं जवळजवळ प्रत्येक सभासदाला मनापासून वाटत होतं. दावेसाहेबांनी अहवालाचा निष्कर्ष स्वतः लिहिला. ‘उपकरणांमुळे सर्वसाधारण खेळाडूच्या खेळात लक्षणीय सुधारणा झालेली आहे. सदर सुधारणा अद्याप फटक्यांमध्ये परावर्तित झालेली नाही.’

अहवाल टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांच्याकडे हातमोजा नव्हता.

आता सुधारणा झाली आहे आणि फटक्यांत ती दिसत नाही, म्हणजे फटके मोजण्याच्या पद्धतीतच काहीतरी चूक होती. चिटणिसांनी ती शोधून काढली. सेन्सर सांगतात, मनगट उत्तम, खांदा उत्तम, वेग उत्तम. चेंडू झेंड्याभोवतीच्या हिरवळीच्या मधोमध पडायला हवा. प्रत्यक्षात तो तळ्यात जातो.

“का जातो?” चिटणिसांनी समितीला विचारलं. “वारा, ओलावा, गवत, खडा. यांत खेळाडूचा काय दोष? मोजलेलं खरं धरायचं की पडलेलं?”

“मोजलेलं,” समिती म्हणाली.

त्यानंतर क्लबात फोनमधली नोंद अधिकृत झाली. चेंडू कुठे पडला हा ज्याचा त्याचा खाजगी मामला झाला. परिपत्रकात चेंडूचा उल्लेख ‘पूरक साहित्य’ असा होता. महिनाभरात सगळ्यांचे फटके भराभर उतरले. सर्वसाधारण दर्जा रद्द करावा लागला, कारण त्यात कोणी उरलंच नाही. दावेसाहेब आणि छापखानेवाला दोघेही ‘उत्तम’ झाले. माणसं एकमेकांना हार घालू लागली. विक्रेत्याला मानद सभासदत्व मिळालं.

फक्त व्हरांड्यातला चहा बेचव झाला. दावेसाहेब म्हणायचे, “काय सांगू, आज तो लांबचा फटका असा काही बसला.” छापखानेवाला फोन बघून म्हणायचा, “हो, आलंय इथे.” मग दोघे कपातल्या चहाकडे बघत बसायचे. थाप मारायला जागाच राहिली नव्हती. फोन त्यांच्यापेक्षा मोठ्या थापा मारत होता आणि त्या अधिकृत होत्या.

वार्षिक करंडकाच्या अंतिम सामन्यात समोरासमोर हेच दोघे आले. सगळा क्लब मागे चालत होता. शेवटच्या होलपर्यंत, म्हणजे झेंड्याखालच्या शेवटच्या खड्ड्यापर्यंत, दोघांची बरोबरी होती. हा होल जवळचा होता. मध्ये तळ्याचं एक टोक आणि पलीकडे हिरवळ. छापखानेवाल्याची पाळी आली आणि त्याचा फोन बंद पडला. दिवसभर त्याला इतकं काही विचारलं होतं की त्याची बॅटरी संपली होती. टोपीही गुरगुरायची थांबली. त्याने पाना शोधला. तो मागच्या होलवर राहिला होता. मागे लोक खोळंबले होते. कोणीतरी खाकरलं. छापखानेवाला वैतागला. पिशवीच्या तळाशी हात घालून त्याने आपली जुनी, मुठीची पट्टी सुटलेली काठी बाहेर ओढली आणि उभा राहिला तसा मारून मोकळा झाला.

चेंडू वर गेला. तो डावीकडे वळला नाही. पलीकडे हिरवळीच्या कडेला पडला, हळूहळू उतरणीला लागला, झेंड्याच्या काठीला अलगद टेकला आणि आत गेला.

एका फटक्यात. हे त्या क्लबात आजवर कोणाला जमलं नव्हतं. थापांतसुद्धा कोणी इथवर पोचलं नव्हतं. छापखानेवाला काठी हातात धरून तसाच उभा राहिला आणि मग वळून, सगळ्यांना सोडून, फक्त आपल्या मित्राकडे बघू लागला. त्याचे डोळे भरून आले होते.

“पाहिलंस ना?” तो म्हणाला.

“पाहिलं,” दावेसाहेब म्हणाले. पुढे होऊन त्यांनी मित्राच्या खांद्यावर हात ठेवला, एवढ्यात चिटणीस मध्ये आले.

“नोंद?” चिटणिसांनी विचारलं.

फोन बंद होता. काठीला सेन्सर नव्हता. सगळे तळ्याला वळसा घालून पलीकडे गेले आणि समितीची बैठक हिरवळीच्या कडेला भरली.

“मी आयुष्यभर लोकांचे डोळे तपासलेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “माझ्या डोळ्यांनी चेंडू आत जाताना पाहिलाय. अजूनही आतच आहे, वाकून बघा.”

“आपले डोळे शेवटचे कधी प्रमाणित झाले?” चिटणिसांनी नम्रपणे विचारलं. बाई खाली बसल्या.

सगळ्यांच्या नजरा अध्यक्षांकडे वळल्या. दावेसाहेबांना आतून वाटत होतं की हो म्हणावं. ते तोंड उघडणारही होते. पण सगळी हयात नकार देण्यात गेलेली जीभ असते, ती आयत्या वेळी मालकाला विचारत नाही. शिवाय हो म्हटलं असतं तर करंडक मित्राच्या घरी गेला असता, हेही त्यांच्या मनात आलं. नंतर त्यांनी ते आलं नव्हतं असं ठरवलं.

“होलमध्ये एक चेंडू आढळला,” त्यांनी निकाल सांगितला. “तो तिथे कसा आला याची नोंद उपलब्ध नाही. सबब तो बेवारस समजून हलवण्यात यावा.”

मग तळ्याच्या अलीकडे परत येऊन त्यांनी स्वतःचा फटका मारला. तो झाडीत गेला आणि एका घराच्या जाळीवर आपटल्याचा आवाज आला. फोनमधली बाई म्हणाली, “अप्रतिम. झेंड्यालगत.” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सगळे पुन्हा हिरवळीवर आले तेव्हा छापखानेवाल्याने वाकून होलमधला चेंडू काढला आणि खिशात घातला.

“तुझं बरोबर आहे,” तो शांतपणे म्हणाला. “नियमाने मी फटका मारलाच नाही. मग तू हरवलंस कोणाला, तेवढं एकदा सांग.”

एवढं बोलून तो गेला. पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दावेसाहेब मैदानाला एकटेच फेरी मारत, फोन “छान” म्हणे, आणि व्हरांड्यात समोरची खुर्ची रिकामी राही. घरी दर्शनी कपाटात करंडक होता. पाहुणे त्याच्याकडे बघून “वा” म्हणत. तेवढ्यापुरतं बरं वाटे, मग पाहुणे जात.

शेवटी एके सकाळी ते छापखान्यात गेले. समितीचा अहवाल छापून हवा आहे, असं निमित्त बरोबर नेलं होतं. यंत्रांचा खडखडाट चालू होता. शाईने काळे झालेले हात पुसत छापखानेवाला पुढे आला. त्याने अहवाल घेतला, चाळला आणि कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवला.

“येत नाहीस हल्ली,” दावेसाहेब म्हणाले.

“पायी फिरायला जातो. ओळखीपाळखीचे चार जण भेटतात. त्यांना तो फटका सांगतो.”

“ऐकतात?”

“रोज. आता मी तो तळ्याच्या पार मागून मारतो. वाराही समोरून असतो.” बोलता बोलता त्याच्या चेहऱ्यावर जुनं व्हरांड्यातलं हसू आलं आणि लगेच गेलं. “खरं सांग. चेंडू आत गेला होता की नव्हता?”

दावेसाहेबांनी आजूबाजूला बघितलं. यंत्रांच्या आवाजात कोणाला काही ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

“गेला होता,” ते म्हणाले. “अगदी स्वच्छ गेला. असा फटका मी जन्मात पाहिला नाही.”

छापखानेवाल्याने टेबलावरचा एक कोरा कागद उचलून त्यांच्यापुढे धरला. “लिहून दे.”

“अरे, तोंडी सांगतोय ना.”

“तोंडी मलाही माहीत आहे.”

दावेसाहेबांनी पेन हातात घेतलं. ‘मी पाहिलं’ एवढे दोनच शब्द होते. पण लेखी कबुली म्हटल्यावर आजवर नाकारलेले सगळे अर्जदार छापखान्याच्या दारात रांग लावून उभे आहेत असं त्यांना दिसू लागलं. एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“समितीत विषय मांडतो,” ते म्हणाले.

“मांड,” छापखानेवाला म्हणाला आणि यंत्राकडे वळला. अहवाल त्याने वेळेवर छापून दिला. एकही चूक नव्हती. त्यानंतर दोघांची भेट झाली नाही.

करंडकाबरोबर विजेत्याला मनगटावर बांधायचं एक घड्याळ मिळालं होतं. माणूस किती चालला, किती दमला, कसा झोपला, ते सगळं त्यात कळे. दावेसाहेब ते अंघोळीपुरतंही काढत नसत. एका सकाळी त्यांना कितीतरी दिवसांनी मोकळं मोकळं वाटलं. अंग हलकं होतं, खिडकीतून ऊन आलं होतं, स्वयंपाकघरातून चहाचा वास येत होता. ते गुणगुणत उठले आणि त्यांनी घड्याळात बघितलं. झोप असमाधानकारक झाली होती.

दावेसाहेब पलंगाच्या कडेवर मटकन बसले. डोळे जड झाले, डोकं धरल्यासारखं झालं. त्यांनी एक लांबलचक जांभई दिली.

“कचेरीत कळव,” ते बायकोला म्हणाले. “मला आज जमणार नाही. रात्रभर झोप नाही.”

“अहो, रात्रभर घोरत होतात,” बायको चहाचा कप घेऊन दारात उभी होती. “मला डोळ्याला डोळा लावू दिला नाहीत.”

“तुझ्याकडे नोंद आहे?”

बायकोने त्यांच्याकडे बघितलं, कपाकडे बघितलं आणि तो चहा उभ्या उभ्या स्वतःच पिऊन टाकला. दावेसाहेबांनी चादर डोक्यावरून ओढली आणि ते थकवा काढू लागले.

हे वाचून तुम्हाला हसू आलं असेल. आपण काही इतके वाया गेलो नाही, असंही वाटलं असेल. ते खरंच असणार, त्याची नोंद मागायला आम्ही काही समिती नाही. फक्त जाता जाता एवढं सांगा: आज सकाळी बाहेर पाऊस पडतोय का, हे तुम्ही खिडकीतून बघितलंत, की फोनमध्ये?